चैत्रातले पफ

चैत्र लागला की कॉलनीतल्या बायकांना गौर आठवते, मला मैदा आठवतो. झोपाळ्यातली पितळेची गौर, तिच्यापुढची कलिंगडाची कमळं, भिजवलेले हरभरे हे सगळं डोळ्यांपुढे येण्याआधी मला एक घामेजलेला गोळा दिसतो, पोळपाटाला चिकटलेला, एका बाजूने उचलला की दुसऱ्या बाजूने निसटणारा. आणि अजून काही सुरूही झालेलं नसताना वैताग येतो. परवा मागच्या दारी कैऱ्या किसत बसले होते. पवना नदीकडून येणारा वारा पहाटेपुरता गार असतो आणि कारखान्याच्या सकाळच्या भोंग्याबरोबर बंद पडतो, जणू त्याचीही पाळी संपली. तो बंद पडला, पदराने मान पुसली, आणि तो चैत्र आठवून एकटीच चिडून बसले.

पिंपरीला आम्ही आलो तेव्हा कॉलनी नुकती उभी राहिली होती. भिंतींना चुन्याचा वास होता, अंगणात झाडं म्हणून गुडघ्याएवढ्या काठ्या रोवल्या होत्या आणि कुंपणापलीकडे सरळ ज्वारीची शेतं. मुंबई रस्त्यावरून ट्रक गेला की त्याची धूळ आमच्या वरणात. आता त्या काठ्यांचे गुलमोहर झालेत आणि शेतांतून एकेक करून कारखान्यांच्या भिंती उठताहेत. आमच्याकडे भांड्यांना येते ती शेवंता इथल्या गावातलीच. तिच्या दिराच्या रानात परवा खुणेचे दगड रोवले गेले. ती म्हणते, “बाई, आदी रानात पाखरं वरडायची, आता भोंगा वरडनार. हाकलायचं कसं त्येला?”

घरात आम्ही दोघं, आमची मुलं आणि वन्सं. वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, इंदू. माझ्याच वयाच्या. लग्नाला पुरती तीन वर्षं झाली नव्हती तेव्हा यजमान गेले, आणि एक ट्रंक घेऊन त्या भावाकडे आल्या. ट्रंक अजून पलंगाखाली आहे. बाई मात्र आल्या दिवसापासून स्वयंपाकघरात शिरल्या त्या बाहेर निघायचं नाव नाही. हाताला चव अशी की माझ्या आईच्या हातचं मी विसरले. (हे आईला कळवलेलं नाही.)

कॉलनीतल्या पहिल्या चैत्रात मी हळदीकुंकू केलं. म्हणजे मी बायकांना बोलावलं, बाकी सगळं वन्संनी केलं. डाळ त्यांनी वाटली, पन्हं त्यांनी गाळलं, कलिंगडाला पाकळ्या त्यांनी पाडल्या. आणि बाहेरच्या ओट्यावर पहिल्या पाहुणीच्या वहाणा वाजल्या तशा त्यांनी स्वयंपाकघराचं दार आतून ओढून घेतलं. एक फट ठेवली. त्या फटीतून डाळीच्या वाट्या बाहेर येत होत्या, आणि प्रत्येक वाटीबरोबर बिनबांगडीचं एक मनगट. जोगबाईंनी डाळ चाखली. जोगबाई म्हणजे आमच्या कॉलनीतल्या वयाने आणि आवाजाने सगळ्यांत मोठ्या. म्हणाल्या, “वा! डाळ फार सुरेख झालीय हो तुमची.” मी म्हटलं, “माझी नाही, वन्संची.” सगळ्या बायकांनी त्या फटीकडे पाहिलं, आणि मग एकदम सगळ्यांना उन्हाळा किती वाढलाय ते आठवलं.

बायका गेल्यावर मी वन्संवर उखडले. “दार कशाला लावायचं? कोण खाणार होतं तुम्हाला?”

त्या भांडी आवरत म्हणाल्या, “मला काय कमी आहे आत? वारा बरा येतो.”

वारा! त्या स्वयंपाकघराला एक खिडकी, ती शेजारच्यांच्या बंबाकडे उघडणारी. मला त्या कुंकवापेक्षा, त्या बायकांपेक्षा ह्या बाईंचाच जास्त राग आला. दुसऱ्यांनी दार लावलं असतं तर निदान धक्का देऊन उघडता तरी आलं असतं. आतून लावलेल्या दाराचं काय करायचं?

तर पुढच्या चैत्राला मी ठरवलं की हळदीकुंकू करायचंच नाही. टी-पार्टी करायची. टी-पार्टीला कुंकू नसतं, ओटी नसते, सवाष्ण नसते. चहा असतो आणि खुर्ची असते, आणि खुर्चीवर कुणीही बसतं. मी हे ह्यांना सांगितलं तेव्हा हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, “छान. डाळ थोडी जास्त करा, मला डब्यात हवी.”

“डाळ नाही करायची!”

“मग पन्हं तरी?”

आता पुरुषाला काय समजावणार? डाळ आणि पन्हं केलं की त्याला कलेक्टरची मेजवानी म्हटलं तरी ते हळदीकुंकूच. कैरीचा वास आला की बायकांचा हात आपोआप कुंकवाच्या कोयरीकडे जातो. मला असा पदार्थ हवा होता जो कधी कुठल्या देवापुढे ठेवलेला नाही, ज्याचं कुठल्या सणाशी नातं नाही. तसा एकच मी खाल्ला होता, कारखान्याच्या साहेबांच्या बंगल्यावर. वरून तांबूस, बोटाने धरावा तर पाचोळ्यासारखा आवाज करणारा, आत मटार-बटाटा. पफ. त्यांच्या बाईंनी सांगितलं होतं, काही नाही हो, सोपं असतं, मैद्याच्या घडीत लोणी घालायचं, लाटायचं, पुन्हा घडी, पुन्हा लाटायचं. सोपं असतं म्हणणाऱ्या त्या बाईंच्या घरी शीतकपाट होतं आणि खानसामा होता, हे मला घरी आल्यावर लक्षात आलं.

वन्संना मी खरं कारण सांगितलं नाही. त्यांनी ते बहुधा मैद्याच्या पिशवीकडे बघूनच ओळखलं. “वहिनी, माझ्यासाठी एवढा खटाटोप नका करू.”

“तुमच्यासाठी कोण करतंय? मला पफ खायचेत.”

“बरं,” असं म्हणून त्यांनी डोळे बारीक केले. त्यांच्या ‘बरं’वर कुणाचाही विश्वास बसत नाही.

चैत्रातलं लोणी म्हणजे काय चीज असते, ते ज्याने भर दुपारी पिंपरीत मैद्याच्या घडीत घालून पाहिलंय त्यालाच कळेल. पहिली घडी घातली, तोवर ठीक. दुसऱ्यांदा लाटणं फिरवलं तर लोणी एका कोपऱ्यातून बाहेर डोकावलं. तो कोपरा चिमटला, तर समोरच्या कोपऱ्यातून आलं. मग पोळपाटावर आलं, मग माझ्या कोपरापर्यंत आलं. शेवंता उंबऱ्यात बसून बघत होती.

“काय करताय म्हनायचं?”

“थर करतेय.”

“येवढं लाटून पुन्ना घडी? पुन्ना लाटायचं? आन् पुन्ना घडी?” तिने कपाळावर हात मारला. “येडं काम हाय हे, बाई. धुणं बरं, एकदा पिळलं की झालं.”

तो गोळा शेवंताच्या म्हशीने खाल्ला. दुसऱ्या दिवशीचाही. म्हैस खूश होती असं कळलं.

ह्यांना मी बर्फ आणायला पिटाळलं. चिंचवड स्टेशनाजवळ एक जण लाकडाच्या भुशात बर्फ ठेवायचा. हे सायकलच्या कॅरियरला गोणपाटात गुंडाळून लादी घेऊन निघाले आणि वाटेत ओळखीचे कुणी भेटले म्हणून थांबले. ह्यांना वाटेत ओळखीचं कुणी भेटलं नाही असा दिवस अजून उगवायचाय. घरी पोचेपर्यंत गोणपाट चिंब, पाठीमागचा शर्ट चिंब, आणि आत साबणाच्या वडीएवढा बर्फ. “निघताना मोठा होता,” हे म्हणाले. मी ती वडी उचलून मोरीत टाकली.

वन्सं आतापर्यंत नुसत्या बघत होत्या. पण चांगला मैदा वाया जाताना बघणं हे त्यांच्या रक्तात नाही. एका पहाटे उठले तर त्या जमिनीवरच बसलेल्या. शहाबादी फरशी पुसून, तिच्यावर ओलं गोणपाट टाकून, ते काढून, गार झालेल्या फरशीवरच पीठ लाटत होत्या. पोळपाट भिंतीला उभा. घडीत लोणी नव्हतंच. वनस्पती तूप आणि तांदळाची पिठी फेसून त्यांनी साटा केला होता.

“हे तर चिरोट्याचं झालं,” मी म्हटलं.

“मग? चिरोटेच आहेत हे. साहेबांच्या बाईंना माहीत नसेल.”

“चिरोटे नाहीत! पफ आहेत!” मी जवळजवळ ओरडले. चिरोटे म्हटले की पुन्हा दिवाळी आली, रुखवत आलं, सवाष्णी आल्या. इतका आटापिटा करून मी जे टाळलं ते ह्या बाईंनी साट्यात फेसून परत आणलं!

“बरं, पफ,” वन्सं म्हणाल्या, आणि लाटत राहिल्या. लाटण्याचा आवाज फरशीवर वेगळाच येतो, घोटून, खालून. बाहेर उजाडत होतं. कुठेतरी रहाट वाजत होता. त्या वेळी राग विसरून मी दोन घटका बसले होते, हे कबूल करायला हवं.

पण थर पडले म्हणजे पफ झाला असं नाही. तो भाजायला भट्टी लागते. आमच्याकडे शेगडी, स्टोव्ह आणि चूल. रस्त्यापलीकडे निर्वासितांच्या कॅम्पात परसरामभाईंची बेकरी होती. सिंधमधून सगळं सोडून आलेला माणूस, पण बोलणं असं की सगळं बरोबर घेऊन आलाय. उन्हाळ्यात कॉलनीतल्या बायका घरून नानकटाईचं पीठ मळून नेत, आणि दुपारी पाव निघून गेल्यावर, भट्टी निवत आली की परसरामभाई ते ट्रेमध्ये लावून भाजून देत. आम्हीही तेच केलं. शेवंताने चुंबळ करून ट्रे डोक्यावर घेतले आणि नानकटाईच्या वेळेला नेऊन दिले. परत आले ते पफ नव्हते. पांढरेफटक, तुपाने ओथंबलेले, आजारी माणसाच्या उशीसारखे.

“त्यो भाई हसत हुता,” शेवंता म्हणाली.

वन्संनी एक उचलला. उलटा केला. दाबला. तूप ठिबकलं. आणि मग एक गोष्ट झाली जी मला तेव्हा फारशी मोठी वाटली नाही, कारण मी डोकं धरून बसले होते. वन्संनी पदर खांद्यावरून घेतला, वहाणा घातल्या, आणि भर उन्हात रस्ता ओलांडून कॅम्पात गेल्या. ज्या बाई भाजीवाल्याशी दाराआडून बोलत त्या. मी मागे धावले.

“भाई, भट्टी गार होती,” वन्संनी तिथे सरळ सुरुवात केली.

परसरामभाईंनी बनियन खाली ओढला. “बहनजी, नानकटाई के लिये ठंडी ही चाहिये.”

“ही नानकटाई आहे?”

“तो क्या है? रोटी है के रजाई?”

“थर आहेत त्यात! गार भट्टीत तूप आधी पळतं, मग थर कशाला उठतील? पावाबरोबर घाला, ऐन तापलेली असताना.”

“जल जायेगा.”

“जळू दे. मी उभी राहते.”

आणि राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या भट्टीच्या तोंडाशी, मैद्याने पांढऱ्या झालेल्या त्या अंधाऱ्या खोलीत, पावाच्या आंबूस वासात वन्सं उभ्या, आणि परसरामभाई लांब दांड्याचं लाकडी फावडं घेऊन उभे, दोघं एकमेकांवर खेकसत. “निकालूँ?” “थांबा.” “अब?” “थांबा म्हटलं ना!” ट्रे बाहेर आला तेव्हा पफ हातभर नाही तरी बोटभर फुगले होते, सोनेरी, कडांना पानं सुटलेली. परसरामभाईंनी न विचारता एक तोंडात टाकला, जीभ भाजली, आणि तोंडाने वारा घेत ते म्हणाले, “रजाई अच्छी है.”

दोन प्रकार करायचे होते. तिखट आणि गोड. तिखटात बटाटा-मटार, गोडात आमचा कैरीचा साखरांबा. तिखट चौकोनी, गोड तीनकोनी, म्हणजे घोटाळा नको. भट्टीत गेल्यावर चौकोनी फुगून गोल झाले, तीनकोनीही गोल झाले. साखरांबा उकळून बाहेर आला आणि ट्रेला असा चिकटला की परसरामभाई अजून त्याची आठवण काढतात. वन्संनी मग गोडावर खसखस पेरली. ओळखायची ती खसखशीवरून.

पार्टीचा दिवस. सतरंजी अंथरली, शेजारून तीन खुर्च्या आणल्या. मोगऱ्याची फुलं फुलदाणीत ठेवली, ताटात नाही, हो, ताटात ठेवली की संपलंच. वन्संना मी बजावलं, “ट्रे तुम्ही आणायचा. आणि आणून परत जायचं नाही, बसायचं.”

“हो, हो.”

“बसायचं म्हणजे खाली बसायचं. दारात टेकायचं नाही.”

“वहिनी, तुम्ही मला पाहुणे येण्याआधीच दमवलंत.”

बायका आल्या. पावडरचा, मोगऱ्याचा, उन्हाचा वास घेऊन आल्या. जोगबाईंनी खोलीभर नजर फिरवली. “गौर कुठे बसवलीत?”

“आज गौर नाही. नुसता चहा.”

“नुसता?” त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मग फुलदाणीकडे, मग माझ्याकडे, मी आजारी आहे की काय अशा नजरेने. “चैत्रात घरी आलेल्या बायका कोऱ्या कपाळाने परत पाठवणार? विसरला असाल. असू दे, माझी आहे.” आणि त्यांनी पिशवीतून चांदीची कोयरी काढली. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी माझी लाज राखली होती! एकेकीला कुंकू लावत त्या सतरंजीवरून सरकू लागल्या, आणि नेमक्या त्याच वेळी वन्सं ट्रे घेऊन दारात आल्या.

जोगबाईंचं बोट कुंकवात होतं. त्यांनी वर पाहिलं. वन्संनी पाहिलं. ट्रे दाराजवळच्या स्टुलावर ठेवून वन्सं आत गेल्या आणि दार ओढून घेतलं. एक फट ठेवली.

मला किंचाळावंसं वाटलं. किती मैदा, किती बर्फ, म्हशीचं पोट, ह्यांचा शर्ट, परसरामभाईंचा ट्रे, आणि शेवटी तीच फट! मी ट्रे उचलला आणि बशा अशा आपटत वाटल्या की सगळ्या बायका सावरून बसल्या.

आता पफ कसा खायचा हे आमच्या कॉलनीत एकीलाही माहीत नव्हतं. एकीने दोन्ही हातांनी तोडला, तो सगळा तिच्या नव्या पातळावर सांडला. दुसरी पापुद्रे एकेक करून सोलत होती, कांद्यासारखे, आत काय आहे ते बघायला. तिसरीने चहात बुडवला आणि अर्धा चहातच राहिला. आणि जोगबाईंनी बशी जरा लांब धरून पाहिली, चेहरा उजळला. “अगंबाई, चिरोटेच की हे! मग वाटीभर दूध द्या बघू.”

मी दूध दिलं. मला आता कशाचंच काही वाटत नव्हतं. जोगबाईंनी पफ वाटीत कुस्करला, दूध घातलं, वर दोन चमचे साखर घातली, कालवला. दुधावर मटार तरंगायला लागले.

दार धाडकन उघडलं.

“अहो जोगबाई, काय करताय काय!” वन्सं बाहेर. आत उरलेलं पीठ मळत होत्या वाटतं, कोपरापर्यंत मैदा, केस सुटलेले. “बटाट्याचा आहे तो! तिखटाचा! वर खसखस दिसतेय का कुठे?”

“मला वाटलं...”

“काय वाटलं? दुधात? पहाटे उठून उठून थर केलेत ते दुधात बुडवायला?” त्यांनी जोगबाईंच्या हातातून वाटी काढून घेतली. “आणि तुम्ही! सोलताय काय त्याला? मोसंबं आहे? आणि तुम्ही, बशी हनुवटीखाली धरा, अंगावर काय पाडताय!” आणि दाखवायला म्हणून त्या सतरंजीवर मधोमध मांडी घालून बसल्या, एक पफ उचलला, कडेने चावला. त्या शांततेत तो कुरकुरण्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. “असा. एका कडेने. जिभेला भाजला तर भाजू दे.”

बायकांनी मुकाट्याने बशा हनुवटीखाली धरल्या. शाळेत धडा गिरवावा तसा सगळ्यांनी एकदम घास घेतला.

“तुम्ही केलेत?” पापुद्रे सोलणारीने विचारलं.

“मग कुणी? वहिनींनी केले ते शेवंताच्या म्हशीने खाल्ले.”

त्यावर जे हसणं झालं ते रस्त्यापर्यंत गेलं असेल. जोगबाई हसता हसता ठसकल्या, वन्संनी त्यांच्या पाठीवर मैद्याचा पंजा उठवला. “आता तो गोडाचा द्या,” जोगबाई डोळे पुसत म्हणाल्या.

“आधी हातातला संपवा.”

जोगबाईंनी संपवला. त्यांच्या बोटावर कुंकू अजून होतं. ते त्यांनी कुणालाच लावलं नाही, नंतर हातरुमालाला पुसलं. यापेक्षा जास्त काही झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. आजही कॉलनीत हळदीकुंकवाचं आमंत्रण आमच्याकडे येतं ते मला एकटीला येतं, आणि आमच्या घरीही कुंकवाचं बोट वन्संपर्यंत आलं की दुसरीकडे वळतं. जग काही एका ट्रेभर पफांनी बदलत नाही. मला अजून त्याचा तितकाच राग येतो.

पण त्या दिवशी पाहिलं तर बायका सरकून सरकून वन्संच्या भोवती बसल्या होत्या. साटा कशाने फेसायचा, भट्टी तापली हे कसं ओळखायचं, परसरामभाई खरंच शिव्या देतात का. वन्सं हात हलवून हलवून सांगत होत्या. बसायला आता मला जागा नव्हती. चहा संपला होता. मी आत गेले.

आत कुणीच नव्हतं. घरात पाहुणे असताना ते स्वयंपाकघर रिकामं मी पहिल्यांदाच बघत होते. साखर कुठल्या डब्यात, आलं कुठे, गाळणं कुठे, मला एक वस्तू सापडेना. शेजारचा बंब पेटला होता, त्याचा धूर खिडकीतून आत. वारा म्हणून नाही. स्टोव्हला पिन घालता घालता बोट भाजलं, चहा उतू गेला, आणि बाहेर पुन्हा सगळ्या कशाला तरी खो खो हसल्या. कशाला, ते मला कळायला मार्ग नव्हता.

“वहिनी, अहो चहा!” बाहेरून वन्संचा आवाज आला. “आम्ही किती वेळ वाट बघायची?”

“आणतेय हो!” मी ओरडले, आणि आयुष्यात कधी नाही इतक्या वैतागाने, पदराने डोळे पुसत, दुसरं आधण ठेवलं.